आईची मशीन आणि माझं पत्रक

आधीच सांगून टाकते, आईची शिलाई मशीन घरातच आहे. देवासला, आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली. धारला मावशीकडे गेली नाही. हे सगळं मी चिडून लिहिणार होते, पण चिडायला माझ्याशिवाय कोणी सापडेना, आणि स्वतःवर माणूस फार वेळ चिडू शकत नाही.

मी पत्रकं लिहिते. बायकांच्या मजुरीची, दवाखान्याची, संडासाची. आम्ही पाच-सहा जणी आणि ओळखीचा एक झेरॉक्सवाला भिया, म्हणजे भाऊ, एवढीच आमची फौज. पत्रकं हिंदीत, कारण इथे मराठी बोलणाऱ्या घरांतही वाचायची भाषा हिंदीच. आई देवाशी मराठी बोलते आणि पेपर हिंदी वाचते. तर एक पत्रक मी कमरेवर लिहिलं होतं. "औरत की कमर लोहे की नहीं!" आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत, "कमर दुखे तो काम बंद, आराम शुरू!"

ही ओळ माझी. मी ती कारखान्यांच्या गेटवर ओरडून वाचली, सरदारपूरच्या हाटात कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहून वाचली. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका हसायच्या. "आराम करें तो खाएँ क्या, बेन?" मला राग यायचा. त्यांचा नाही, व्यवस्थेचा. व्यवस्था समोर उभी राहून उलट बोलत नाही, म्हणून तिच्यावर रागावणं मला फार जमायचं.

माझं कोणीच ऐकलं नाही. एकीने ऐकलं, आईने.

आई ब्लाउज शिवते. ही मशीन तिला सासरने दिली नाही की माहेरने, तिने स्वतः शिवून शिवून घेतली. पंचवीस वर्षं तिच्यावर वाकली, आणि मग कमर धरली. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा दिला, 'वाकू नका' म्हणाले. उरलेलं माझ्या पत्रकाने सांगितलं. आईने मशीनवर झाकण घातलं आणि आडवी झाली. बाबा कुकर लावायला शिकले. मी तर जिंकल्यासारखी फिरत होते. निदान आमच्या घरातल्या बाईला तरी विश्रांती मिळाली!

आठ महिन्यांनी तिला पलंगावरून उठवायला दोन माणसं लागायला लागली. दुखणं होतं तेवढंच होतं, वर भीती चढली होती. हातातून चमचा पडला की ती त्याच्याकडे बघत बसायची. सुरुवातीला हळदीकुंकवाला गेली की तिला खुर्ची द्यायचे. सगळ्या खाली सतरंजीवर गप्पा मारतायत आणि ही एकटी वर, पाहुण्या इन्स्पेक्टरसारखी. मग तिने जाणंच सोडलं.

तेव्हा धारच्या मावशीचा, म्हणजे आईच्या मोठ्या बहिणीचा, फोन आला. "आता तुझ्याने व्हायचं नाही ते. मशीन गंजवण्यापेक्षा माझ्या सुनेला दे, ती शिवण शिकतेय."

"ने," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी जेवली नाही. कमरेपेक्षा मोठं काहीतरी मोडतंय हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मावशी कडक असली तरी दुष्ट नाही. गाडी पाठवायच्या आधी तिने अट घातली. तिच्याकडच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम बसतात, त्यांना एकदा कमर दाखवायची. देवास-इंदूर, इंदूर-धार, दोन बस. आई निम्मा रस्ता उभीच होती, बसलं की कळ यायची म्हणून.

मॅडम माझ्याच वयाच्या, माळवी ढंगात बोलणाऱ्या. पाय बधिर होतो का, लघवीला अडचण आहे का, पडला होतात का, ताप येतो का, वजन उतरलं का, सगळं विचारलं. नाही, नाही, नाही. मग आईला झोपवून पाय उचलून बघितले, गुडघ्यांवर हातोडी मारली.

"कितने दिन से लेटी हो, आंटीजी?"

"आठ महीने."

"आठ महीने! किसने बोला था?"

आईने पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद काढला. माझं पत्रक. घड्यांवर अक्षरं पुसली होती, पण मोठी ओळ शाबूत होती.

मॅडमनी वाचलं. "ये किस समझदार ने लिखा है?"

आईची पापणीही हलली नाही. "बस स्टैंड पे कोई बाँट रहा था."

कलेक्टरच्या दारात घोषणा देणारी मी, भिंतीवरच्या मणक्याच्या चित्रातले मणके बघत उभी राहिले.

"मिले तो उसको बोलना, दो-चार दिन का आराम ठीक है. उसके बाद कमर को काम चाहिए. डर के पड़ी रहोगी तो और जकड़ेगी."

मग त्यांनी शिकवलं. उताणं पडून, गुडघे वाकवून, पोट आवळून कंबर जमिनीवरून उचलायची. हातागुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात पुढे, उलटा पाय मागे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, परत बसायचं. रोज चालायचं, थोडं थोडं वाढवत. कंबर उचलायच्या वेळी आई घाबरली. "टूटेगी तो नहीं?"

"कमर है आंटीजी, काँच की चूड़ी नहीं."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? माझ्या लेकीने मला आठ महिने झोपवलं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गेटवर बायका तुझा कागद चुरगाळून टाकायच्या. मी बघितलंय. एकीने तरी ऐकायला नको?"



घरी चटई टाकली आणि नवीनच संकट. देव्हारा उत्तरेच्या भिंतीला. पलंग आणि मशीन यांच्यामध्ये दक्षिणोत्तर एवढीशी पट्टी मोकळी. दक्षिणेला डोकं केलं तर पाय देवाकडे. उत्तरेला डोकं करून आमच्यात कोणी पडत नाही.

"तू झोपत नाहीयेस, व्यायाम करतेयस!" मी ओरडले.

"देवाला काय दिसणार? पायच ना?"

दोन दिवस व्यायाम झालाच नाही. अंधश्रद्धेवरची माझी सगळी भाषणं तिने शांतपणे ऐकून घेतली आणि पडून राहिली. मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, "तो चटाई घुमा दो ना." चटई आडवी घालायची तर मध्ये मशीन.

"धारला गेली की होईल जागा," बाबा म्हणाले.

"गाडी महिन्याने येणार. तोवर कमर थांबेल का?" आई म्हणाली. "सरकवा ती खिडकीखाली."

सरकवली. पूर्वेला डोकं करून आईने पहिल्यांदा कंबर उचलली. चार बोटं. नंतर रडली, मला शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी परत उचलली. पहिला आठवडा दुखलं. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून निभावलं. मग ती गल्लीच्या टोकापर्यंत चालली, मग भाजीवाल्यापर्यंत. एके सकाळी मी उठले तर मशीनचं झाकण काढून खाली ठेवलेलं.

"उजेड कसा पडतो ते बघतेय," ती म्हणाली. सुईत दोरा होता.

वीसेक मिनिटं शिवायचं, उठायचं, फिरायचं. पट्टा खुंटीवर गेला. मावशीला आम्ही काही कळवलं नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अजून माझा भरवसा नाही. बोलून फसायला नको."

महिना भरला आणि रविवारी मावशी स्वतः छोटा टेम्पो घेऊन दारात. आई जमिनीवर बसून कापड बेतत होती.

"अगं बाई, तू खाली?"

आईने कात्री ठेवली. एक गुडघा टेकला, हात मांडीवर, आणि उठली. भिंत नाही, पलंग नाही, मी नाही. मग वाकून मावशीच्या पाया पडली. मावशीने तिच्याकडे बघितलं, मग खिडकीखालच्या मशीनकडे.

"म्हणजे गाडी रिकामी नेऊ मी?"

"रिकामी कशाला, ताई? ती जाड गादी घेऊन जा. मला नको ती."

"आणि मी कशावर झोपू?" आतून बाबा.

"खाली. कमरेला बरं असतं."

मावशी इतकी हसली की तिलाच खुर्ची द्यावी लागली. सुनेसाठी आईने आपली जुनी कात्री दिली, आणि शिकायला इकडे पाठव म्हणाली.

लग्नसराईत आईची कमर अजून दुखते. दुखली की ती आडवी होते, पण चटईवर, कंबर उचलायला. मी नवीन पत्रक लिहिलंय. मॅडमनी ते तपासलं, आणि आईने एक ओळ घालायला लावली, "पैर भगवान की तरफ़ आएँ तो चटाई घुमाओ, कसरत मत छोड़ो." सरदारपूरच्या हाटात त्या ओळीला बायका हसल्या आणि कागद कमरेला खोचला. एकीने तिथेच विचारलं, "कैसे घुमाएँ, बेन, बताओ." मी कांद्याशेजारी पोतं टाकलं आणि उताणी पडून दाखवलं.

जुन्या पत्रकांचा गठ्ठा उरला होता. मी जाळणार होते. आईने काढून घेतला. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर ती ब्लाउजची मापं आखून नमुने कापते.