जतहून आणलेली जोडी

साताऱ्याहून जतला सहसा कोणी हौसेने जात नाही. मी आणि बाबा निघालो ते जुनी गाडी घ्यायला, आणि तीही अशा कंपनीची, जिने काही वर्षांपूर्वी भारतातून गाशा गुंडाळला होता. माझी बदली पाटणच्या शाळेत झाली होती. बाबा सातारा सोडायला तयार नव्हते, आणि ते न्हाणीघरात दोनदा पडल्यापासून रात्री त्यांना एकटं ठेवायला मी तयार नव्हते. संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही. रोज जाऊन-येऊन करायचं तर गाडी हवी, आणि माझ्या ऐपतीत बसणारी गाडी म्हणजे जिच्याकडे बाकीचे लोक ढुंकूनही बघत नाहीत अशी.

"पाटणला खोली घे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" एसटीत बसल्या बसल्या बाबा म्हणाले. हे ते बदलीचा हुकूम आल्यापासून म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

सांगलीला उतरून भडंग (मसाला लावलेले तिखट चुरमुरे) घेतलं आणि जतची एसटी धरली. मिरज मागे पडलं तसा ऊस विरळ झाला. मग द्राक्षबागा, मग ज्वारी, मग नुसता माळ आणि त्यावर मेंढरं. बाबांनी भडंगाची पुडी एकट्याने संपवली आणि हा भाग फार कोरडा आहे असं मला सांगितलं.

गाडीचे मालक मल्लाप्पाअण्णा मेंढरांचे आणि बैलांचे व्यापारी. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक चालू. दुसरीच्या चाकांखाली दगड आणि बॉनेटवर कोंबडी.

"ही पार्टासाठी ठेवलीया," अण्णा म्हणाले. "कंपनी ग्येली, पार्ट मिळंनात. म्हनून एक मेल्याली आनली."

चालू गाडी मी माळावर फिरवून आणली. वळताना सिग्नल द्यायला हात घातला की काच पुसली जायची, कारण सिग्नलची दांडी उलट्या बाजूला होती. तेवढं सोडलं तर गाडी गुणी होती. मी घेते म्हणाले.

"न्या की दोनी," अण्णा म्हणाले.

"मला एकच हवी आहे."

"जोडी फोडायची न्हाई, बाई. आमच्यात बैलाची सुदीक फोडत न्हाईत. मागं ऱ्हायल्यालं चारा सोडतंय."

"अण्णा, ती गाडी आहे. ती चारा खात नाही."

"मग लय बरं की. पोसायचा खर्च न्हाई तुमाला."

मी मदतीसाठी बाबांकडे बघितलं. "बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले. बाबांनी आयुष्यात बैल पाळलेला नाही. ते पोस्टात होते.

तेवढ्यात अण्णांच्या बायकोने, अक्कांनी, हुग्गी (गव्हाची खीर) वाढली. वर तुपाची धार. खाऊन झाल्यावर नाही म्हणणं अवघड जातं, हे त्या घराला माहीत असावं. दुपारी मी दोन गाड्यांची मालकीण झाले. मेलेली गाडी गल्लीतल्या लोकांनी बांधावरून ढकलत अण्णांच्या मेंढरांच्या ट्रकात चढवली. अण्णांचा पुतण्या शिवा ट्रक घेऊन आमच्या मागे निघाला.

पंपावर पेट्रोल भरणाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "ही बंद झाली न्हवं, मॅडम?"

"कंपनी बंद झाली," मी म्हणाले. "गाडी चालू आहे."

कवठेमहांकाळच्या अलीकडे तीही बंद झाली. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. रेडिएटरचा पाइप फुटला होता. मी रस्त्याकडेला उभी राहिले आणि खरोखर घाबरले. गाडीचं एवढं काही नव्हतं. ही अशीच एखाद्या संध्याकाळी पाटणहून येताना उंब्रजजवळ थांबली, तर बाबा घरी एकटे, हे डोळ्यांपुढे आलं. पाटणच्या खोलीचा विषय बाबांनी काढला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

शिवा ट्रकात चढला आणि मेलेल्या गाडीचा पाइप काढून घेऊन आला. पाणी मात्र हवं होतं. बाबांनी हात करून एक टँकर थांबवला.

"ह्ये प्यायचं पानी हाय, आजोबा," टँकरवाला म्हणाला.

"गाडीला पाजायलाच पाहिजे," बाबा म्हणाले. त्याने थोडा विचार करून एक कॅन दिला.

साताऱ्याला पोचेपर्यंत गाडी पुन्हा कुठे अडली नाही. मेलेली आमच्या गेटाच्या आत उतरवली. तिला मेंढरांचा वास येत होता, अजूनही येतो.

सोमवारी मी पाटणला गेले. उंब्रजपर्यंत इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर डोळे होते. संध्याकाळी परत आले, तेव्हा बाबा मेलेल्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर, काच खाली करून बसले होते. तिथून थेट चौकापर्यंतचा रस्ता दिसतो.

"वाट बघत होतात?"

"छे. इथे वारा चांगला येतो."

त्या दिवसापासून वारा तिथे रोज चांगला येतो. मेलेल्या गाडीचा आरसा मी काढला, मग मागचा दिवा, मग एक हँडल. अण्णांना मनातल्या मनात बरंच काही बोलले होते, ते एकेक करून मागे घेतलं. खोलीचं नाव बाबांनी पुन्हा काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या सीटची फ्रेम मोडली. मेकॅनिक घरी येऊन दोन्ही गाड्या बघून गेला. "त्या गाडीची टाकू की, मॅडम. सीट नुसती पडूनच हाय न्हवं?"

मी म्हणाले, ती सोडून काय हवं ते काढा. आता पाठीशी गोधडीची घडी घेऊन पाटणला जाते. पाठ दुखते. पण त्या सीटवर रोज संध्याकाळी कोणीतरी माझी वाट बघतं, आणि तो पार्ट मला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.