गाव ज्येष्ठस्नेही होताना

किस्से शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. राहुरीकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतच ते पुरवते. मी रिटायर्ड मास्तर, त्यामुळे वेळ भरपूर. सरपंचांनी ‘ज्येष्ठस्नेही गाव’ करायचं मनावर घेतलं आणि आमची चंगळ झाली!

*

ज्येष्ठांच्या अडचणींवर खास ग्रामसभा भरली. कुठे? नव्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर! गुडघेवाले सगळे खालीच राहिलो. वर एकमताने ठरलं की ज्येष्ठांची काही तक्रार नाही.

*

खाली राहिलेल्यांत गयाबाई होत्या. शुगरच्या गोळ्या न्यायला त्या वस्तीवरून गावातल्या दवाखान्यात येतात. एकदा तिथल्या रांगेतच चक्कर येऊन पडल्या. उठवून बसवलं, तर म्हणाल्या, “पानी पिलं की जावं लागतं मास्तर. हितं बायांना जायला जागा हाय का? म्हणून घरनं निघताना पीतच न्हाई.”

मला भयंकर राग आला. तडक सरपंचांना गाठून म्हटलं, आधी बायकांसाठी संडास बांधा. त्यांनी मान डोलावली आणि बाकडी आणली.

*

बाकड्यांच्या पाठीवर सरपंचांचं नाव. ते रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बाकड्यांची पाठ रस्त्याकडे आणि बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे! मी बसलो होतो, तर माझा एक जुना विद्यार्थी गाडी थांबवून म्हणाला, “मास्तर, आता कळलं का आमाला कसं वाटत हुतं?”

*

मग आमच्या व्यायामासाठी मशीन आल्या. त्यांच्यावर सध्या शेजारच्या घरातल्या मिरच्या वाळतात. मिरच्यांची तब्येत उत्तम आहे.

*

शेवटी एकदाचा संडास झाला. फरशी, धरायला दांडा, नळाला पाणी, सगळं झकास. फक्त दाराला कुलूप, कारण उद्घाटन आमदारांच्या हस्ते आणि आमदारांना सवड नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गयाबाई येता-जाता त्या कुलपाकडे बघायच्या आणि तहानलेल्याच परत जायच्या.

अखेर ऐन उन्हाळ्यात उद्घाटनाचा मांडव उभा राहिला. गावातल्या सर्वांत वयस्कर म्हणून गयाबाईंना सकाळपासून स्टेजवर आणून बसवलेलं. दुपार झाली तरी आमदारांचा पत्ता नाही. वेळ काढायला सरपंचांनी गयाबाईंचा सत्कार उरकला. त्या उन्हात अंगावर शाल, ओटीत नारळ, हातात पाण्याची बाटली. बाटली त्यांनी न उघडता खाली ठेवली.

सरपंचांनी माईक पुढे केला. “आजी, आता तुमी दोन शब्द बोला.”

गयाबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि दोनच बोलल्या.

“कुलूप काढा.”