सुभेदारमामांची हरळी

सुभेदारमामांच्या घरात चपला घालून गेलेलं चालत असे. अंगणात शिरताना मात्र त्या फाटकाशी काढाव्या लागत. लग्न होऊन मी भिंगारला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारी ओळख करून घ्यावी म्हणून वाटीभर खीर घेऊन गेले. फाटक ढकलून आत पाऊल टाकते न टाकते तोच आवाज आला, "सूनबाई, वहाना भाईर!" मी दचकून चपला काढल्या, अनवाणी अंगण ओलांडलं आणि ओसरीवर चढले, तर हे गृहस्थ पायात काळे बूट घालून घरभर फिरत होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून मामी हसल्या. "फरशीला काय हुतंय? पुसली की झालं," त्या म्हणाल्या. "त्येंचा जीव समदा भाईर हाय."

बाहेर म्हणजे लॉनवर. मामा त्याला लॉन म्हणत, मामी हरळी म्हणत आणि आमची गल्ली 'सुभेदाराचा गालिचा' म्हणे. चार बाजा शेजारी शेजारी मावतील एवढाच तो तुकडा. त्याच्या एका बाजूला आमचं क्वार्टर, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे रझियाभाभींचं घर. मामा रोज पहाटे त्या गवतावर अनवाणी फेऱ्या घालत. रविवारी उकिडवे बसून धनगराची मेंढ्या कातरायची कात्री घेऊन ते कापत. पाहुण्याला ओसरीवर खुर्ची मिळे, फार मर्जीतला असेल तर लॉनवर. माझी तिथपर्यंत बढती व्हायला वर्ष गेलं.

मामा मूळचे कर्जतकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. आता हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. त्यांचं सगळं लहानपण उन्हाळ्यात वडिलांच्या मागे फिरून तिच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वेचण्यात आणि बांधावर जाळण्यात गेलेलं. पुढे ते पलटणीत भरती झाले आणि पहिल्यांदा साहेब लोकांचं लॉन बघितलं. ती हकीकत सांगताना त्यांच्या डोळ्यांत अजून आश्चर्य दिसायचं. "तीच हरळी हो सूनबाई! तिला नळीनं पानी घालत्यात, तिच्यावर खुर्च्या टाकून चहा पित्यात! गावाकडं सांगितलं आसतं तर मला यडा म्हनले आसते." निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ गावी गेले आणि स्वतःच्याच शेताच्या बांधावरून पोतंभर काशा खणून एस.टी.नं भिंगारला घेऊन आले. गावानं खरंच वेडा म्हटलं.

त्यात पुढे होते त्यांचे धाकटे भाऊ गणपततात्या. ते बाजाराला नगरला आले की भावाकडे डोकवायचे आणि टायरच्या तळाच्या करकरणाऱ्या वहाणांसकट मुद्दाम लॉनच्या मधोमध चालत यायचे. "हरळीवर पाय द्यायला वहाना काढू व्हय? आमच्याकडं तिच्यावर नांगर घालत्यात, दादा!" साऱ्या गल्लीला दटावणारे मामा या एका माणसाला काही बोलत नसत. तात्या गेले की बाहेर येऊन चेपलेलं गवत बोटांनी उभं करत बसत.

मामांच्या तोंडी कायम एक वाक्य असे: "हुकूम म्हंजे हुकूम." तो कोणाचा, कशाचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. पोस्टात 'रांगेने यावे' अशी पाटी होती, तर ते एकटे असले तरी रांगेच्या जागी उभे राहत. मला याचं फार हसू यायचं. माझे यजमान त्यांची नक्कल करायचे आणि आम्ही दोघं जेवताना पोट धरून हसायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीच्या वर्षीही पावसानं हूलच दिली होती, या वर्षी तर तो फिरकलाच नाही. विहिरी खडखडीत झाल्या, नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. एके दिवशी टांग्यावर भोंगा लावून गल्लीगल्लीतून पुकारा झाला: बागांना आणि लॉनला पाणी घालायचं नाही, सडे टाकायचे नाहीत, गाड्या धुवायच्या नाहीत; कोणी घालताना आढळलं तर त्या घरचा नळ बंद.

टांगा कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच मामा आमच्या दारात. खांद्यावर रबरी नळीचं वेटोळं, सुतळीनं दोन ठिकाणी करकचून बांधलेलं. "ही तुमच्या माळ्यावर ठिवा. माझ्या घरात ऱ्हायली तर हात जाईल."

यजमान म्हणाले, "मामा, तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही?"

"बाकी समद्यात हाय. गवताच्या बाबतीत न्हाई," मामा म्हणाले आणि निघून गेले.

निदान भांडी विसळलेलं पाणी तरी गवताला घालावं असं मामींचं म्हणणं. त्या काळी भांडी राखेनंच घासत, त्यामुळे ते पाणी काही वाईट नसे. आमच्या खिडकीतून मला त्यांचं भांडण स्वच्छ ऐकू यायचं. "खरकटं पानी काय सरकारचं हाय व्हय?"

"लॉनला घालायचं न्हाई म्हनले. कुठलं पानी, त्ये सांगितलं न्हाई. म्हंजे कुठलंच न्हाई."

"मग वतू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

ते पाणी मग मामा स्वतः बादलीनं रस्त्यावरच्या कडुनिंबाला नेऊन घालत. लॉनवरून जाताना बादली दोन्ही हातांनी धरत, चुकूनही थेंब सांडू नये म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी त्यांना कौतुकानं डोक्यावर घेतलं असतं. पण ते थांबले नाहीत. सगळ्या गल्लीचा हुकूम आपणच सांभाळायचा आहे अशा थाटात ते हिंडू लागले. मी सकाळी उंबऱ्याशी ओंजळभर पाणी शिंपडलं, तर फाटकातून आवाज आला, "सूनबाई, सडा बंद."

"मामा, ओंजळभर तर पाणी!"

"वंजळीचा हुकूम येगळा आला न्हाई."

मला रागच आला. रझियाभाभींना तर त्यांनी सर्वांत जास्त छळलं. घरात खंडीभर माणसं, अंगणात मोगऱ्याची कुंडी. तिला घोटभर पाणी घातलं तरी मामा भिंतीशी येऊन उभे राहायचे. लोक कंटाळले. त्यांना टाळायला लागले. मामांना ते कळत होतं, पण त्यांनी आपला क्रम सोडला नाही.

आणि लॉन मरत होतं. आधी पिवळं पडलं, मग करडं. शिमग्यापर्यंत ते वाळलेल्या काथ्यासारखं दिसायला लागलं. तरी मामांची पहाटेची फेरी चुकत नसे. पूर्वी त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे. आता अंथरुणात पडल्या पडल्या मला ती कुरकुर ऐकू यायची. माझा त्यांच्यावरचा राग त्या आवाजानं गेला. मला त्यांचं फार वाईट वाटायला लागलं.

भिंतीपलीकडेही कोणाला तरी वाटलं असावं. रझियाभाभींच्या सासूबाई, अम्मा, पाच वेळा नमाज पढत. त्याआधी हातपाय, तोंड धुतलेलं त्यांच्या वजूचं पाणी भाभी खाली तसराळं ठेवून धरत, कारण ते गटारात जाऊ द्यायचं नाही अशी अम्मांची सक्त ताकीद होती. एरवी ते मोगऱ्याला जाई. मोगरा जळून गेल्यावर अम्मांनीच सांगितलं म्हणे, की तो म्हातारा घासपायी झुरतोय, त्याच्या घासाला घाल. वजूचं पाणी म्हणजे काही बागेला घातलेलं पाणी नव्हे, असा त्या घरचा हिशेब. मामा दुपारी वामकुक्षीला आत गेले की भाभी भिंतीवरून ते हळूच ओतायच्या. मी खिडकीतून बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्या बाईला मामा सर्वांत जास्त बोलले होते, तीच त्यांचं गवत जगवत होती.

पाणी थोडं, पण रोजचं. वैशाखाच्या सुमाराला भिंतीकडेनं हातभर रुंदीचा हिरवा पट्टा उठला. मामांना भिंतीकडची बाजू ओसरीवरून दिसत नसे, बादली नेताना त्यांची नजर बादलीवरच असे, आणि पहाटेच्या अंधारात रंग कळत नसत. तो पहिल्यांदा बघितला बंदी कोण मोडतंय ते तपासत फिरणाऱ्या नळखात्याच्या माणसानं.

तो सायकलवरून आला, फाटकाशी थांबला आणि आत वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "सुभेदार, तुम्ही पण?"

मामा ओसरीवरून उतरून भिंतीपाशी गेले. हिरवा पट्टा बघितला. मग भिंत बघितली. तिच्यावरून पाण्याचा ओघळ उतरून वाळलेला दिसत होता, आणि वर तसराळं पालथं घातलेलं होतं. तेवढ्यात भाभी डोक्यावरचा पदर सावरत धावत दाराशी आल्या. "मामा, पानी तो मैं..."

मामांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "तू आत जा. अम्मांना वजूला पानी लागतंय." मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "माझ्या फाटकाच्या आत हाय न्हवं? मग माझंच. करा बंद."

त्या माणसाला खरं वाटत नव्हतं. तो दोनदा विचारून बघत होता. शेवटी त्यानं तोटी काढली आणि नळाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली. मामा शेजारी हात मागे बांधून ताठ उभे होते.

मी यजमानांना म्हटलं, आपण जाऊन सांगू या खरं काय ते. मामांनी आम्हाला फाटकातच अडवलं. "तुमी बोललात तर तिचा नळ जाईल. आमी दोन मान्सं, कसंबी भागवू. तिच्या घरात ल्हान पोरं हायेत."

"पण लोक तुम्हाला खोटारडे म्हणतील, मामा."

"म्हनतील की," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

लोक म्हणालेच. सुभेदारमामा इस्त्रीच्या कपड्यांत बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायला लागले, तेव्हा कोणी ना कोणी विचारायचं, "काय सुभेदार, लॉनला का पाणी?" ज्यांना ज्यांना त्यांनी टोकलं होतं त्या सगळ्यांनी वसूल करून घेतलं. बायका म्हणायच्या, वडील माणूस आहे, पुढे या. पण रांग म्हणजे रांग. मामींचा घरात भडका उडालेला. "जलमभर हुकूम पाळला, आन् पदरात काय, तर खुंटी!" रझियाभाभी रोज संध्याकाळी एक कळशी मामींच्या दारात आणून ठेवत. मामा ती कळशी घेत. "पिन्याच्या पान्याला हुकूम आडवा येत न्हाई," म्हणत. पण अम्मांना त्यांनी निरोप पाठवला की वजूचं पाणी ह्याच्यापुढे कडुनिंबाला.

एका सकाळी मी उजाडल्यावर बाहेर आले, तर मामा त्या हिरव्या पट्ट्यावर अनवाणी उभे होते. फेऱ्या नाहीत, काही नाही, नुसते डोळे मिटून उभे. मी तशीच आत गेले.

त्याच आठवड्यात गणपततात्या आले. चालत आले. बरोबर एक तांबडी गाय, तिच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. गावात कडब्याची काडी उरली नव्हती, ते तिला नगरच्या गुरांच्या छावणीत घालायला निघाले होते. वाटेत तिनं दोनदा बसकण मारली होती. आता ती आमच्या रस्त्यावरच बसू बघत होती आणि तात्या तिला शेपटीला धरून उठवत होते. मामींनी प्यायच्या पाण्यातली अर्धी बादली तिच्यापुढे ठेवली. ती प्यायली आणि मान फाटकाकडे केली.

मामांनी फाटक सताड उघडलं.

तात्या बाहेरच थांबले. वर्षानुवर्षं वहाणा वाजवत आत येणारा हा माणूस त्या दिवशी पाऊल उचलेना. "दादा, तुझी हरळी हाय ती..."

"हरळीच हाय. आन आत."

गाय आत शिरली. आपल्या खुरांनी करड्या लॉनवरून सरळ भिंतीकडे गेली आणि हिरव्या पट्ट्याला तोंड लावलं. दातांनी गवत तुटल्याचा करकर आवाज आला. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ती सरकेल तसे सरकत होते. भिंतीपलीकडे अम्मा आणि भाभी येऊन उभ्या राहिल्या. मग तात्यांनी वाकून आपल्या वहाणा काढल्या, फाटकाशी जोडून ठेवल्या, आणि अनवाणी आत येऊन भावाशेजारी उभे राहिले. मामांनी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं. गाय पुढे चालती झाली तेव्हा लॉनवर हिरवं असं काही उरलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानं हात दिला. नळाची खुंटी निघाली, बंदी उठल्याचा पुकारा झाला, आणि हरळीनं तर आठवड्याभरात सगळं अंगण धरलं. मी वाट बघत होते की मामा नळी न्यायला येतील. ते आले नाहीत. लॉन पावसाळ्यात हिरवं आणि उन्हाळ्यात करडं, असंच राहायला लागलं. पहाटेची फेरी दोन्ही ऋतूंत चालू. आमची बदली झाली तेव्हा मी माळ्यावरून ते वेटोळं काढून त्यांच्याकडे नेलं. सुतळीच्या गाठी त्यांनी मारल्या तशाच होत्या.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "हिला नळीची सवय सुटली. मलाबी."

मामा गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही लांब होतो. पोहोचायला उशीर झाला, सगळं आटोपलं होतं. भर उन्हाळा होता. फाटकाशी टायरच्या तळाच्या वहाणांचा एक जोड नीट लावून ठेवलेला होता. मी माझ्या चपला काढून त्याच्या शेजारी ठेवल्या.

ओसरीवर मामी बसल्या होत्या, जवळ तात्या. मला बघून मामी म्हणाल्या, "सूनबाई, या तशाच. ऊन लई हाय, पाय पोळत्याल. आता कोन बोलनार हाय?"

वाळलेली हरळी पायांना टोचत होती आणि खालची माती चटके देत होती. मी निम्म्या अंगणापर्यंत गेले. तिथं मला रडू आवरेना, म्हणून तशीच थोडा वेळ उभी राहिले.