तुळशीपाशी सोडवलेली तार

हे मी आजवर कुणापाशी उच्चारलेले नाही. देवासमोरही नाही — तिथे तर मी केवळ स्तोत्रे म्हणत आलो.

जुनवानीतल्या आमच्या घराचे वायरिंग देवरावांनी केले. कारखान्यातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन, हाताचे अत्यंत चोख. अर्थिंगचा, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवायचा, खड्डा त्यांनी तुळशीवृंदावनाच्या पलीकडे घेतला आणि त्याची तार माझ्या प्रदक्षिणेच्या वाटेत आडवी आली. मी नाराजी दाखवली, तेव्हा ते हसले. "ओलांडून जात जा गुरुजी, पण तारेले हात लावू नोका. विजेले सोवळं-ओवळं कयत नाही."

शास्त्र शिकलेल्या मला हे एका फिटरने सांगावे? त्याच आठवड्यात मी पान्याने नट सैल केला, तार सोडवली, गुंडाळून ठेवली. दिवे लागत होते, कूलर चालत होता. मग बिघडले काय?

वैशाखात बिघडले. माझा जप चालू असता कूलर बंद करायचा नाही आणि पूजा होईतो घरात ओलेत्याने, अनवाणी वावरायचे — दोन्ही नियम माझे. माझी सून सुनंदा चालू कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. आतली वीज लोखंडी पत्र्यात उतरली होती. जमिनीत उतरायला तार नव्हती, म्हणून ती सुनंदाच्या देहातून उतरली.

मुलाने मेन स्विच पाडला, तिला उचलून दवाखाना गाठला. आणि मी? मी घरी थांबलो. पाना शोधला. तार पुन्हा जोडली.

सुनंदा वाचली, पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून मिटत नाहीत. लोक म्हणाले, प्रारब्ध. मीही तेच म्हणालो, वर श्लोक सांगितला — किती हा निलाजरेपणा. प्रारब्धाला पाना लागतो काय?

देवराव आले. त्यांनी तार पाहिली, नट चाचपला. माझा मुलगा त्यांना नको ते बोलला. ते खाली पाहून एवढेच म्हणाले, "माहंच काम कच्चं राह्यलं असन, गुरुजी."

मी मान डोलावली.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरी टेस्टर हाती धरला नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर २ च्या मंदिरात ते अजूनही भेटतात, वाकून माझ्या पाया पडतात — आणि मी त्यांना आशीर्वाद देतो.