मक्याच्या रानातले भालेवाले

मस्तगड भागातल्या नेट कॅफेत मी आणि माझा चुलतभाऊ एक साम्राज्य चालवायचो. मी जालन्यात कारकून, तो वाटूरला शेतकरी. बाजाराला आला की थेट कॅफेत हजर. खेळ जुन्या काळच्या लढायांचा होता. लांब भाले घेतलेलं पायदळ खांद्याला खांदा लावून उभं करायचं आणि समोरून घोडदळ आलं की ते भाल्यांवर आपटून संपायचं. मी इतिहासात बी.ए., त्यामुळे हे सगळं अस्सल आहे असं छातीठोकपणे सांगायचो.

भावाला एकच शंका. "हे लोक पळत कसे न्हाईत? ना कुनी तंबाखू मळून राह्यलं, ना कुनी मागं बघून राह्यलं."

"शिस्त," मी म्हणायचो. शिस्तीबद्दल आमच्या घरात सगळ्यांनाच फार आदर. पाळत मात्र कुणी नाही.

त्या वर्षी भावानं हट्टानं मका लावला. काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, तो बिलकुल मान्य नव्हता. मका म्हणजे रानडुकरांना आवतण, असं त्यांचं मत. "लाव," ते म्हणाले, "पन डुकरांनी लोळवला तर मंग माझ्या रानात काय पेरायचं ते मीच सांगीन." भाऊ दोन लेकरांचा बाप झाला होता आणि आजवर त्या रानात त्याच्या मनानं मेथीची जुडीसुद्धा उगवली नव्हती. हा मका गेला असता तर पुढंही उगवणार नव्हती.

महालक्ष्म्यांच्या सणाला मी वाटूरला गेलो, तेव्हा कणसं दुधात आली होती आणि रोज दिवस बुडताना ओढ्यातून कळप येत होता. एक कोपरा आडवा झालेला. डबे बडवून झाले, फटाके फोडून झाले. डुकरं आता त्या आवाजाला सरावली होती. भावानं माझ्याकडे पाहिलं.

"भालेवाले," तो म्हणाला.

मला तर हेच हवं होतं. गल्लीतली दहा-बारा माणसं जमवली, प्रत्येकाच्या हाती लांब बांबू दिला आणि ओढ्याच्या तोंडाशी रांग लावली. मी सेनापती, म्हणून बांधावर. खेळात न दिसणाऱ्या गोष्टी लगेच दिसू लागल्या. आडवा धरलेला बांबू थोड्याच वेळात मणाचा होतो आणि त्याचं टोक मातीत जातं. "उजवीकडं फिरा" म्हटलं की बांबूत बांबू अडकतात, एकाची टोपी दुसऱ्याच्या टोकावर जाते आणि ती परत मिळेपर्यंत युद्ध थांबतं. एवढ्यात ओढ्यातून पहिला हुंकार आला. एकानं मागं पाहिलं, त्याच्याकडे पाहून दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळं पायदळ गावाच्या दिशेनं सुटलं. सेनापती सगळ्यांच्या आधी पोचला. डुकरं निवांत दुसरा कोपरा जेवली.

रात्री पंगतीत काका पोट धरून हसत होते. सणाला आलेले त्यांचे दोन्ही जावई शेजारी शेजारी बसलेले. या दोन साडूंचं लग्नापासून जमत नव्हतं. कुणाच्या पोळीवर आधी तूप पडलं, हेही ते बघायचे.

"मी असतो तर हाललो नसतो," थोरले दाजी म्हणाले.

"तुमी? शेळी शिंकली तरी तुमी बाजंवर चढता," धाकटे दाजी म्हणाले.

भावाचा घास हातातच राहिला. जावयाला काम सांगायचं नाही, असा आमच्याकडे नेम. त्यानं काम सांगितलंच नाही. तो एवढंच म्हणाला, "उद्या बघू की, कोन आधी पळतंय ते."

दुसऱ्या दिवशी रांग त्यानं लावली. मला बांधावरून उतरवून रांगेत घेतलं. दाजींच्या शेजारी दाजी. बांधावरून भांडण असलेले दोन शेजारी एकमेकांना खेटून. व्याह्याजवळ व्याही. मागं, आपापल्या नवऱ्याकडे बघत, माझ्या दोन्ही चुलतबहिणी. शेवटी काकाही आले. "मी नुसता बघायला आलोय," म्हणत त्यांनी बांबू उचलला आणि कडेला उभे राहिले.

कळप आला. पुढचा नर गाईच्या वासराएवढा होता. मी बांबू काखेत आवळला. थोरल्या दाजींनी डोळे गच्च मिटले होते, पण धाकटे हलले नव्हते म्हणून तेही हलले नाहीत. नर थांबला. आमच्या सबंध सोयरेगोतावर त्यानं एकदा नजर फिरवली, फुरफुरला आणि वळला. त्याच्यामागं कळप ओढ्यात उतरला. मक्याला धक्काही लागला नाही.

मला ओरडावंसं वाटलं, पण रांग मोडेना. आधी बांबू खाली कुणी ठेवायचा? अंधार पडत आला, काकू जेवायला हाका मारू लागल्या, तरी दोन्ही दाजी ताठ. शेवटी थोरल्यांनी मान न वळवता काकांना विचारलं, "मामा, सोडायचं का आता?"

काकांनी आपला बांबू खाली टेकवला. "मला काय इचारता?" ते म्हणाले. "त्याला इचारा. रान त्याचं हाय."

भाऊ मक्यात शिरला आणि एकेक कणीस चाचपत पार टोकापर्यंत गेला. आणि तोवर दोन्ही दाजी बांबू धरून तसेच उभे.