मी जाऊबाईचा टाइम बंद केला तेव्हा

माझी थोरली जाऊ आणि मी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. अंगण एक, नळ एक, दारं समोरासमोर. सकाळी कडी काढली की पहिलं तोंड तिचंच दिसायचं आणि दिवस तिथंच नासायचा.

न बोलता भांडायची रीत आम्ही बसवून घेतली होती. मला काही ऐकवायचं असलं की ती तिच्या शेळ्यांना ऐकवायची. "तिकडं जाऊ नका गं बायांनो, तिकडं शिकलेली माणसं राहतेत. तुमी अडाणी." मग मी शिलाई मशीन चालवता चालवता मशीनलाच सांगायचे, "कुणाचं काय, आपण आपलं काम करावं." आमचे नवरे सख्खे भाऊ. फाट्यावरच्या हॉटेलात दोघं एका टेबलावर चहा प्यायचे आणि घराजवळ आले की ओळख न दाखवता आपापल्या दारात शिरायचे. आम्हाला ते कळत नाही असं त्यांना वाटायचं.

भांडणाचं मूळ तिची शेळी. मी गावात ब्लाउज शिवते. एका नवरीचं आरीकामाचं ब्लाउज हुक लावायला बाजेवर ठेवलं होतं, मी पाणी प्यायला आत गेले, आणि बाहेर येऊन बघते तर शेळी उजवी बाही चघळत उभी. लग्न परवावर आलेलं. मी शेळीला दाव्याने बांधलं आणि ओढत नेऊन ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात टाकलं. जाऊ तेव्हा खुरपायला शेतात गेली होती. संध्याकाळी तिने शेळी सोडवून आणली. शेळी गाभण होती. त्याच रात्री ती गाभडली, पिलू गेलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

या वर्षी शाळेच्या मोठ्या बाईंनी गॅदरिंगला आयांचं नाटुकलं ठेवायचं काढलं. मोठ्या बाई परभणीहून रोज येतात, त्यांना गावातली भांडणं अर्धीच ठाऊक असतात. मी बारावी झालेली, म्हणून त्यांनी लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. "विज्ञानाचं काहीतरी लिहा. पण हसू आलं पाहिजे."

मी लिहिलं ते असं. एका बाईला दिवसभर उसंत नसते. चहा गार होतो, भाकरी करपते, दारात कुणी ना कुणी उभंच. तिला एक शास्त्रज्ञ यंत्र देतो. बटण दाबलं की वेळ थांबते. सगळं जग जिथल्या तिथं उभं राहतं आणि ही एकटी हलू शकते. मग ती निवांत चहा पिते, झोप काढते, वेणी घालते. यंत्र म्हणून मी डिश टीव्हीचा बिघडलेला रिमोट घेतला आणि त्याला उरलेली जरीची लेस चिकटवली.

वाचन झालं तेव्हा मोठ्या बाईंनी शंका काढली, "वेळ थांबली तर हवापण थांबणार. मग हिने श्वास कसा घ्यायचा?"

शास्त्रज्ञ झालेली बाई नवऱ्याचा पांढरा शर्ट घालून बसली होती. ती म्हणाली, "बाई, तेवढं नाक चालू ठेवा की. कोण बघायलंय?"

"आणि यात विज्ञान कुठंय?"

"आत चुंबक हाय असं म्हणते मी," शास्त्रज्ञ म्हणाली. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

नायिका मीच होते, आणि नाटकात एक भांडखोर शेजारीण होती. ती शिव्या देत दारात येते, नायिका बटण दाबते, शेजारीण बोट वर आणि तोंड उघडं अशी थिजते. मग नायिका तिला काजळाची मिशी काढते, डोक्यावर टोपलं ठेवते, आणि जीभ गोड व्हावी म्हणून तोंडात चिमूटभर साखर टाकते. हा प्रवेश मी नाटकासाठी लिहिला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो मी एका संध्याकाळी दात ओठ खात लिहिला होता, समोरच्या दाराकडे बघत. ती भूमिका कुणी का करेना, मला मनातल्या मनात जाऊबाईवर सूड घेता आला असता. पण मोठ्या बाईंनी जाऊबाईचा आवाज ऐकला, तिचा तो गावभर जाणारा आवाज, आणि म्हणाल्या, "शेजारीण ह्याच."

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने प्रवेश नीट ऐकून घेतला. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "करते की. पण एकदा बटण माज्याबी हातात पायजे."

बाईंना ते न्यायाचं वाटलं. त्यांनी शेवट बदलला. यंत्र शेजारणीच्या हाती लागतं, ती नायिकेला थिजवते, तिच्या हातातला चहाचा कप घेते, पिऊन टाकते आणि पुन्हा बटण दाबते. मग सगळ्या मिळून हसतात. "म्हणजे समसमान," बाई म्हणाल्या.

तालमी आठ दिवस चालल्या आणि आठही दिवस युद्ध झालं. मी मिशी काढताना काजळ तिच्या नाकात घालायचे. ती कप घेताना माझ्या हाताला नखं लावायची. मोठ्या बाई टाळ्या वाजवायच्या, "वा! किती खरं वाटतंय!" एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागत होती. थिजावं तर तिनेच. बाकीच्या बाया अर्ध्या मिनिटात खुदकन हसायच्या, कुणाचा पदर घसरायचा, शास्त्रज्ञाला तर हटकून खोकला यायचा. ती मात्र एकदा थांबली की पापणीसुद्धा हलवायची नाही. याचाच मला जास्त राग यायचा.

गॅदरिंगच्या दिवशी घरून निघताना मी कागदात मिरचीचा ठेचा बांधून घेतला. लवंगी मिरचीचा, लसूण कमी, मीठ कमी, नुसती मिरची. पुडी पदराच्या गाठीत ठेवली.  मला फार बरं वाटत होतं.

कार्यक्रम दुपारी होता. शाळेच्या ओट्यावर स्टेज, पुढे पटांगणात सतरंज्या, मागे उन्हात पुरुष उभे. माझा नवरा आणि भासरे, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, दोघं पटांगणाच्या दोन टोकांना उभे होते. नाटक छान रंगलं. शास्त्रज्ञ चुंबकाचं वाक्य विसरली आणि "आत लोखंड हाय" म्हणाली, तरी लोक हसले. मग जाऊबाई ओरडत आली. तिच्या पहिल्या शिवीलाच मागच्या पुरुषांनी शिट्ट्या वाजवल्या. मी रिमोट तिच्यावर रोखला.

"टाइम बंद!"

ती थांबली. बोट वर, तोंड सताड उघडं. मी मिशी काढली, पोरं किंचाळायला लागली. मी टोपलं ठेवलं. मग प्रेक्षकांकडे पाठ करून गाठ सोडली आणि बोटभर ठेचा तिच्या जिभेवर नेऊन ठेवला.

ती हलली नाही. आधी कान लाल झाले. मग मान. मग दोन्ही डोळ्यांतून पाणी सुरू झालं आणि काजळाच्या मिशीवरून हनुवटीवर आलं. लोकांना वाटलं, काय अभिनय! टाळ्या पडायला लागल्या. मी बटण दाबून तिला सोडवायचं होतं. मी दाबलं नाही. मी ठरल्याप्रमाणे चहा प्यायला बसले आणि मुद्दाम सावकाश प्याले. तिच्या घशातून बारीक आवाज येत होता, तो फक्त मला ऐकू येत होता. अर्ध्या चहानंतर तो आवाज मला सोसेना. मी बटण दाबलं.

तिने तोंड मिटलं. गिळलं. आणि पुढचं वाक्य बोलली. एक शब्द चुकली नाही. आवाज तेवढा घोगरा झाला होता.

मग तिची पाळी आली. यंत्र तिच्या हाती गेलं. माझ्या हातात कप होता. "टाइम बंद," ती म्हणाली आणि मी थांबले. तिने कप घ्यायला हवा होता. घेतला नाही. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली, समोर उभी राहिली आणि लोकांकडे वळून म्हणाली, "आता ही बोलणार न्हाई. हिचा टाइम बंद हाय. आता मी बोलते."

लोक हसले. हे नाटकातच आहे असं त्यांना वाटलं.

"ती शेळी मला माज्या भावानं दिलती. बारकी होती, वरचं दूध पाजून वाढवली. हिनं तिला फराफरा ओढीत नेली. पोट दिसत नव्हतं का हिला? दुसऱ्याच्या ब्लाउजचं माप बगून सांगती ही, नजरेनं सांगती, टेप लागत न्हाई. आन शेळीचं पोट दिसलं न्हाई?"

आता कुणी हसत नव्हतं. मोठ्या बाई बाजूला उभ्या राहून हातवारे करत होत्या.

"मी शेळी खांद्यावर घिऊन आले. हिच्या दारावरनं आले. ही मशीनवर बसलीती. हिनं वर बगितलं आन मशीन चालूच ठिवली. पिलू बी खाली पडलं तवा मशीन चालू होती. मला आत आवाज यायलता." ती थांबली. जीभ अजून जळत असणार, कारण तिने तोंडानं वारा घेतला. "बाही लावायलती. नवी बाही."

रिमोट तिने माझ्या पायाशी ठेवला आणि पायऱ्या उतरून निघून गेली. मिशीसकट, गर्दीतून वाट काढत.

मी तशीच उभी राहिले. बटण कुणी दाबलं नव्हतं. ओठावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. कपातला चहा कलंडून मनगटावरून कोपरापर्यंत आला. मी हलू शकत होते, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पण हलले असते तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. पोट मला दिसलं होतं. दावं गळ्यात टाकतानाच दिसलं होतं.

शेवटी मोठ्या बाई स्वतः स्टेजवर आल्या. रिमोट उचलून त्यांनी माझ्यावर रोखला आणि माईकवर म्हणाल्या, "हं, वेळ सुरू झाली. जोरदार टाळ्या! तर यातून आपण चुंबकाचा उपयोग शिकलो." चार-दोन टाळ्या वाजल्या. पुढे पहिलीच्या पोरींचा नाच होता.

घरी गेले तेव्हा ती अंगणात नळाखाली चूळ भरत होती. शेजारी गुळाचा खडा. माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा थेट मला विचारलं, "आली का चालू होऊन?"

"मिरची जास्त झाली का?" मी विचारलं.

"तुज्या हाताला चव कदीच नव्हती."

मी पुढे गेले, नळ बंद केला आणि म्हणाले, "मला दिसलं होतं पोट."

तिने पदराने तोंड पुसलं. काजळ गालभर पसरलं. "मला ठाऊक होतं तुला दिसलंतं," ती म्हणाली. "म्हणून तर बोलत नव्हते. न दिसता नेली असती तर चार दिवसांत बोलले असते." गुळाचा खडा उचलून ती आत गेली आणि दार असं आपटलं की वरची माती खाली आली.

मला वाटलं होतं, आता एकतर कायमचं तुटेल नाहीतर सगळं गोड होईल. दोन्हीपैकी काही झालं नाही. तिने मला माफ केलं नाही, आणि करावं असं मीही कधी म्हटलं नाही. फक्त आता ती शेळ्यांना काही सांगत नाही, मलाच सांगते. सकाळी सडा टाकताना सांगते, भांडी घासताना सांगते. माझा झाडू तिच्या बाजूला कसा येतो, माझ्या मशीनचं तेल कसं वास मारतं, माझा नवरा लहानपणी किती लबाड होता. मीही ठेवत नाही काही. भांडून झाल्यावर घसा कोरडा पडतो आणि जेवण जरा जास्त जातं.

परवा आठवडी बाजाराला सोनपेठला निघालो, तर फाट्यावर एकच रिक्षा होती आणि मागे दोनच जागा शिल्लक. ती कडेला बसणार म्हणाली, कारण तिला आत मळमळतं. मी कडेला बसणार म्हणाले, कारण मला लवकर उतरायचं होतं.

"लवकर उतरून कुठं जायलीस? बाजार तर पुढंच हाय."

"तुम्हाला काय करायचंय? मी कुठंबी जाईन."

"जा की. कोण धरलंय? मधी बस आन मग जा."

अर्ध्या वाटेपर्यंत हेच चाललं. रिक्षावाल्याने दोनदा आरशात बघितलं, तिसऱ्यांदा गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "मावशी, तुमी दोघी बी उतरा. माजं डोकं उठलं."

आम्ही उतरलो. रिक्षा गेली. मग दोघींनी मिळून त्याला, त्याच्या रिक्षाला आणि त्याच्या पुढच्या सात पिढ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. ते संपल्यावर ती म्हणाली, हे सगळं माझ्यामुळे झालं. मी म्हणाले, तुमच्यामुळे. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कडक उन्हात, पिशव्या बदलत, आम्ही सोनपेठपर्यंत भांडत चालत गेलो.