लहान बॉयलर, मोठी टाकी

आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचं भंगार साचतं, तसेच किस्सेही साचतात. भंगार न्यायला वर्षातून एकदा गाडी येते. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून चहाच्या वेळेला मीच ते सांगत बसते.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं शेड आहे. आम्ही गरम पाण्याचे बॉयलर आणि टाक्या बनवतो. मालक नारायणकाका, फिटर रहीमभाई, आणि किती मोठा बॉयलर, किती मोठी टाकी हे ठरवणारी मी, सुजाता. डिप्लोमा झाल्यावर इथं लागले, ते अजून इथंच आहे.

पहिल्याच दिवशी मी काकांना विचारलं होतं, "काका, यवतमाळात मे महिन्यात नळाला हात लावला तर भाजतो. इथं बॉयलर घेतं कोण?"

काका म्हणाले, "डिसेंबरात पहाटे साडेपाचले होस्टेलात जा. मंग मले विचार."

⁂

गेले. नेरजवळचं मुलींचं होस्टेल, एकशे चाळीस मुली. वर्षभरापूर्वीच बाहेरच्या कुण्या सप्लायरनं तिथं भलामोठा बॉयलर बसवला होता. तरी पहिल्या तीस मुलींना गरम पाणी मिळायचं आणि बाकीच्या कुडकुडायच्या. वॉर्डनबाईंनी ठरवलं होतं की याहून मोठा बॉयलर घ्यायचा.

रहीमभाईंना मुलींच्या न्हाणीघराकडे जाता येईना, म्हणून मी एकटीच वही घेऊन व्हरांड्यात बसले. कोण किती वाजता आली, किती बादल्या घेतल्या, सगळं लिहिलं. एकेकीला दीड बादली, आणि सगळ्यांना दीड तासाच्या आत.

मग त्या बॉयलरचे जुने कागद चाळले तेव्हा उलगडा झाला. सप्लायरनं इमारतीचं क्षेत्रफळ मोजून खोल्या गरम करायचा हिशोब धरला होता. खोल्या गरम करायचं यंत्र तर तिथं नव्हतंच! बॉयलर राक्षसासारखा, आणि टाकी दोनशे लिटरची. तिच्यातली पाणी तापवणारी कॉइलही बारीक. बॉयलरची उष्णता पाण्यात उतरायला जागाच नव्हती. तो दोन मिनिटं पेटायचा आणि विझायचा, पुन्हा पेटायचा आणि विझायचा. इकडे मुलींच्या बादलीत गार पाणी.

आम्ही बॉयलर निम्म्याहून लहान केला आणि टाकी दीड हजार लिटरची बसवली. रात्रभरात ती सावकाश तापते आणि सकाळी एकदम कामाला येते. सोमवारी एकशे चाळिसाव्या मुलीलाही कढत पाणी मिळालं.

वॉर्डनबाई म्हणाल्या, "बॉयलर लहान केला अन् पाणी वाढलं? हे कसं काय बाप्पा?"

रहीमभाई म्हणाले, "मॅडम, लग्नाच्या दिवशी चूल मोठी करून भागत नाही. पाणी तापवायचा गंज मोठा लागते."

⁂

सहा दिवस आम्ही छाती काढून फिरलो. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, वॉर्डनबाईंचा फोन. "ताई, आठ वाजताच पाणी संपलं. पोरी मले घेरून उभ्या हायेत."

मी घाबरले. गळती असेल, थर्मोस्टॅट बिघडला असेल, काय काय मनात आलं. रहीमभाईंना घेऊन धावत गेले. टाकी ठीक, बॉयलर ठीक, पाईप ठीक. मी व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसले. समोरून एक मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून गेली. मग दुसरी. मग तिसरी.

रविवार! केस धुवायचा वार. दीड बादलीच्या जागी तीन बादल्या.

माझे स्वतःचे केस कमरेपर्यंत. दर रविवारी मी अर्धा तास न्हाणीघर अडवून ठेवते, आणि बादल्या मोजायला मी गेले होते बुधवारी!

घरून काकांना फोन केला. मला वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "चुकलं कुठं ते सापडलं ना? मंग आता दुरुस्त कर. रडून काय करून राह्यली?"

शनिवारी संध्याकाळपासून टाकीचं पाणी जास्त तापवायचं ठरवलं आणि नळाकडे जाताना त्यात आपोआप थंड मिसळणारा व्हॉल्व्ह बसवला. तेवढ्याच टाकीत जास्त बादल्या निघू लागल्या. आंघोळीही दुपारी बारापर्यंत लांबवल्या, म्हणजे मधल्या वेळात टाकी पुन्हा तापते. पुढच्या रविवारी एकशे चाळीस डोकी धुऊन निघाली.

तेव्हापासून मी कुठल्याही कामाला पहिला प्रश्न तोच विचारते. "केस कोणत्या वारी धुता?" पुरुषांच्या होस्टेलातही एकदा सवयीनं विचारलं.

⁂

यवतमाळातले एक डॉक्टर बाळंतपणाचं हॉस्पिटल बांधत होते. परदेशात जाऊन आले होते आणि तिथल्यासारखी अख्खी इमारत गरम करायची म्हणत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, आपल्याकडे थंडी मोजून चार-सहा आठवडे. तेवढ्यासाठी एवढा बॉयलर वर्षभर पोसायचा?"

ते ऐकेनात. मग काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेशंटचं बोट मोडलं तर तुम्ही पूर्ण अंगाले प्लास्टर लावता काय?"

डॉक्टर हसले आणि खुर्चीत मागे टेकले. मग आम्ही तिघांनी मिळून एक-एक खोली पाहिली. ऊब खरोखर हवी होती ती फक्त नवजात बाळांच्या खोलीला. गरम पाण्याच्या टाकीवरूनच एक पाईप त्या खोलीत फिरवला आणि काम झालं.

पहिल्या हिवाळ्यात पाहणीला गेले, तर ड्युटी संपलेल्या दोन नर्स त्याच खोलीच्या दाराशी डबा खात बसल्या होत्या. "ताई, पूर्ण दवाखान्यात हीच जागा चांगली हाय," एक म्हणाली.

⁂

मुकुटबनच्या मंगल कार्यालयाचे मालक कशावरच विश्वास न ठेवणारे. आमचा बॉयलर पाहून म्हणाले, "एवढुशा डब्यावर तीनशे माणसाचं वऱ्हाड आंघोळ करीन?" आणि पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं. त्यांनी मागच्या अंगणात तीन चुली मांडल्या, लाकडं रचली आणि दोन माणसं काडेपेटी घेऊन बसवली.

सात ते आठ या एका तासात सगळं वऱ्हाड न्हालं. मालक दर दहा मिनिटांनी नळाखाली हात धरून बघत होते. शेवटी नवरदेवाचे मामा ओरडत आले. मालकांचा चेहरा पडला.

मामा म्हणाले, "पाणी लय गरम हाय. थंड कुठून घेऊ?"

मालकांनी मामांना मिठीच मारली. आणि त्या चुलींवर रहीमभाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

⁂

आता या जानेवारीतलं सांगते.

तीनशे नर्सिंगच्या मुलींचं नवं होस्टेल, मुली अजून राहायला यायच्या होत्या. टाक्या बनवून, बसवून झाल्या होत्या, आणि संस्थेनं तपासणीला मोठ्या शहरातून एक सल्लागार इंजिनियर बोलावले. त्यांनी माझं गणित पाहिलं आणि म्हणाले, "बॉयलर किमान चौपट हवा. हे कोणी काढलं?"

"मी."

"शिक्षण?"

"डिप्लोमा."

त्यांनी फाईल मिटली. संस्थेच्या कमिटीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. चौपट म्हणजे आमचं सगळं काम उखडायचं, आणि पुन्हा जिल्ह्यात कोणी आम्हाला विचारणार नाही. मी म्हटलं, "सर, अहवालावर अजून सही करू नका. उद्या सकाळी सगळे नळ एकदम सोडू. रविवारचा हिशोब धरून तासभर चालू ठेवू. थर्मामीटर तुमच्या हातात."

दुसऱ्या दिवशी सहाला रहीमभाईंनी छत्तीस नळ सोडले. न्हाणीघरात वाफच वाफ. सर दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बुडवायचे आणि वहीत लिहायचे. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. काका दाराच्या चौकटीला धरून उभे. पंचावन्नाव्या मिनिटाला सरांनी थर्मामीटर खिशात ठेवला आणि नुसता हातच पाण्याखाली धरला. साठ मिनिटं झाली तरी हात काढला नाही.

मी हळूच विचारलं, "सर, नळ बंद करू?"

"एक राहू द्या," ते म्हणाले. मग घड्याळ काढून रहीमभाईंच्या हातात दिलं आणि शर्टाच्या बाह्यांची बटणं काढत विचारलं, "साबण मिळेल का? हॉटेलात सकाळी पाणी गारच होतं."